आपणच मॅनेजर, आपणच शिपाई

बँकेला नावं ठेवणं हा मराठी मध्यमवर्गाचा वडिलोपार्जित छंद आहे. काउंटरला दोरी बांधलेली असते पण दोरीला पेन नसतं, पेन असतं तेव्हा स्लिपा संपलेल्या असतात, आणि चुकून दोन्ही जमून आलं तर आतून आवाज येतो, "सर्व्हर डाऊन आहे." त्यामुळे 'स्वतःच स्वतःची बँक व्हा' ही बिटकॉइनवाल्यांची घोषणा ऐकली की आपल्याकडच्या तरुण मंडळींना स्वराज्याची घोषणा ऐकल्यासारखं वाटतं. मेख पुढे आहे. बँक व्हायचं म्हणजे नुसतं चेअरमन होऊन भागत नाही. दारावरचा वॉचमन, पिंजऱ्यातला कॅशियर, लॉकरचा क्लार्क, वर्षातून एकदा येऊन सगळ्यांना घाम फोडणारा ऑडिटर आणि कोपऱ्यातली कुलूपबंद तक्रारपेटी, हे सगळं आपणच. पगार एकालाही नाही.

आमच्या भाच्याने ही बँक काढली. तो हिंजवडीत नोकरीला असतो आणि राहतो आजोळी, म्हणजे आमच्याकडे. बाबा एका सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले, म्हणजे तसा कागद त्यांना मिळाला. घरात ते अजून शाखाधिकारीच आहेत. दुधाच्या हिशेबालाही ते 'टॅली' म्हणतात. एका छपराखाली जुनी बँक आणि नवी बँक नांदू लागल्यावर जेवणाच्या टेबलाचं वार्षिक सर्वसाधारण सभेत रूपांतर व्हायला वेळ लागला नाही.

"याची शाखा कुठे आहे?" बाबांचा पहिला प्रश्न.

"आजोबा, शाखा नसते."

"मग भांडायचं कुठे जाऊन?"

भाच्याने खूप सांगून पाहिलं. नाणी एक्स्चेंजवर, म्हणजे ती जिथे विकत घेतो त्या बाजारातच, ठेवली तर किल्ली एक्स्चेंजकडे राहते, आपल्याकडे नुसता आकडा. १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीला गेली आणि खातेदार पडद्यावरचे आकडे बघत राहिले. बाबा म्हणाले, "आमच्याकडे पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे." भाचा म्हणाला, "२०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला हजार रुपयेच काढायला मिळत होते, ते विसरलात?" बाबांनी आमटी मागितली. सहकार क्षेत्राचा विषय निघाला की त्यांना आमटी लागते.

तर किल्ली स्वतःकडे ठेवायची म्हणून हार्डवेअर वॉलेट. २०१४ मध्ये प्रागच्या सातोशीलॅब्सने ट्रेझर नावाचं असं पहिलं यंत्र बाजारात आणलं, त्याच वर्षी फ्रान्समध्ये लेजर ही कंपनी उभी राहिली, आणि आता पुष्कळ जण ती बनवतात. अंगठ्याएवढं यंत्र, इवलासा पडदा, एकदोन बटणं. नाव पाकीट असलं तरी त्यात पैसे नसतात. नाण्यांची नोंद जगभरच्या संगणकांवर पसरलेल्या सामायिक खातेवहीत असते. यंत्रात राहते ती सहीची गुप्त किल्ली. व्यवहार यंत्राच्या आत जातो, सही होऊन बाहेर येतो, किल्ली काही बाहेर येत नाही.

"कळलं," बाबा म्हणाले. "साहेब केबिनमधून उठत नाहीत. कागद आत जातो, सही होऊन येतो. आमच्याकडे होते असे एक."

बँकेत सगळ्यात आधी वॉचमनची भरती होते. यंत्र घ्यायचं ते थेट कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून. 'फक्त उघडून पाहिलंय, बाकी नवीन' असं सेकंडहँड मुळीच नाही. आमच्या घराला हे पटणं अवघड. आमच्याकडे फ्रिज, सायकल आणि गाईड ही ओळखीतूनच येतात. आईने लगेच सुचवलं, "त्या जोशांचा मुलगा अमेरिकेहून येतोय, त्याच्याकडे असेल तर विचार, वापरलेलं स्वस्तात देईल." भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. वापरलेल्या यंत्रात आधीच्या मालकाने काय घालून ठेवलंय कोण जाणे! परदेशात असे प्रकार घडलेत: खोक्यात यंत्र, सोबत खरवडायचं छानसं कार्ड, आणि कार्डाखाली तिजोरी उघडणारे परवलीचे शब्द आयते छापलेले. गिऱ्हाईक खूश, कारण लिहायचे कष्ट वाचले. त्याने बिनघोर नाणी भरली, आणि ज्याने कार्ड छापलं होतं त्याने ती बिनघोर काढून नेली. शब्द यंत्राने आपल्यासमोर, आपल्या हातात, स्वतः तयार करायचे असतात. ज्या यंत्रात पिन किंवा शब्द आधीच आहेत ते यंत्र दुसऱ्याचं. आयतं मिळालं तर घाबरायचं, ही शिकवण मराठी माणसाला नवीन आहे.

खोकं आलं. सील शाबूत आहे का ते भाच्याने टॉर्च मारून पाहिलं, मग बाबांनी भिंग घेऊन पाहिलं, मग आईने दोघांना बघून विचारलं, "कुणाची पत्रिका आलीय का?" सीलवर सगळी भिस्त ठेवू नये, कारण चिकटपट्टी चोरालाही मिळते. खरी तपासणी कंपनीचं अॅप यंत्र जोडल्यावर करतं. ते अॅपही कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यायचं. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सगळ्यात वर जी जाहिरात येते तिच्यावर जाऊ नये. सगळ्यात वर बसलेला माणूस पैसे देऊन बसलेला असू शकतो, हे आपल्याला लग्नाच्या स्टेजपासून विधानसभेपर्यंत माहीत असतं, इथेच विसरायला होतं.

मग पिन. आई म्हणाली, "माझा वाढदिवस घाल." हा आकडा आमच्या घरी सायकलच्या कुलपाला, वायफायला आणि तिजोरीला आहे आणि पेपरवाल्यालाही पाठ आहे. काही यंत्रांत तीनदा पिन चुकला की यंत्र स्वतःला पुसून टाकतं. बाबांना हे अतिशय आवडलं. तीनदा सही जुळली नाही तर चेक परत करायचा, हे त्यांनीही केलंय. पण त्यासाठी आख्खी शाखा जाळून टाकायचं धैर्य त्यांना कधी झालं नव्हतं.

यंत्र पुसलं गेलं तरी काही बिघडत नाही, कारण खरी तिजोरी यंत्र नव्हेच. ती आहे चोवीस शब्दांत. (काही ठिकाणी बारा.) २०१३ मध्ये ठरलेल्या बिप-३९ नावाच्या मानकात २०४८ सोप्या इंग्रजी शब्दांची यादी आहे. यंत्र त्यातून चोवीस शब्द काढून दाखवतं. शेवटचा शब्द मनाने घालता येत नाही, आधीच्या तेवीस शब्दांशी त्याचा हिशेब जुळावा लागतो. हे कळल्यावर बाबांच्या मनात बिटकॉइनबद्दल पहिल्यांदा आदर निर्माण झाला. यंत्र हरवलं, जळलं, नातवंडाने गिळलं, तरी नवं यंत्र आणून हे शब्द त्याच क्रमाने घातले की सगळं परत येतं. तुमच्यासाठी येतं, तसंच ज्याला ते शब्द मिळाले त्याच्यासाठीही येतं. शब्द तुमची ओळख विचारत नाहीत. त्यांचं केवायसी नाही.

म्हणून हे शब्द फोनमध्ये टिपायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, स्वतःलाच व्हॉट्सअॅप करायचे नाहीत, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवायचे नाहीत. हाताने, कागदावर, दार लावून लिहायचे. भाच्याने सांगितलं तसं दार लावलं. आमच्या घरात दार लावणं म्हणजे आत काय चाललंय हे बघायला या, असं बाहेरच्यांना दिलेलं निमंत्रण. आई चहा घेऊन आत गेली, मग बिस्किटं, मग "चहा झाला का" म्हणून कप न्यायला. तिला वाचायचं नव्हतं. तिला दाराचा राग होता.

बाबांनी सुचवलं की शब्द देवनागरीत लिहावेत, म्हणजे परदेशी चोराला कळणार नाहीत. कल्पना झकास होती. पण त्या यादीत 'थांबा' अर्थाचा 'वेट' आहे आणि 'ओला' अर्थाचाही 'वेट' आहे. दहा वर्षांनी तिजोरी उघडताना पाकीट थांबलंय की भिजलंय यावर घरात मतभेद झाले असते. यंत्राला इंग्रजी स्पेलिंगच लागतं. फार तर पहिली चार अक्षरं पुरतात, कारण यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांतच ओळखू येतो.

कागदाला आपल्याकडे शत्रू फार. पावसाळ्यात शाई फुटते, वाळवीला वाचनाची आवड आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत आई ज्या कागदावर रुपयाचं चिन्ह नाही तो रद्दीत घालते. म्हणून जाणकार लोक शब्द पोलादी पट्टीवर ठोकून ठेवतात. आईला हे ऐकून हुरूप आला. "मग त्या भांडीवाल्याकडे जा ना, नावं घालून देतो तो. मी चोवीस वाट्या देते, एकेका वाटीवर एकेक शब्द घाल." योजनेत दोनच दोष होते. एक, भांडीवाला वाचणार. दोन, शब्दांचा क्रम महत्त्वाचा; एका सत्यनारायणात वाट्या घासून कपाटात परत गेल्या की आमची पूर्ण संपत्ती इतक्या प्रकारे लावता आली असती की विश्वाचं आयुष्य पुरलं नसतं.

शेवटी भाच्याने अक्षरं ठोकायचे पंच आणि हातोडी आणली आणि रात्री, गुप्तता म्हणून, पट्टीवर अक्षरं ठोकायला घेतली. चार शब्द होईपर्यंत खालच्या मजल्यावरचे काका, सोसायटीचे सेक्रेटरी आणि वॉचमन असे तिघे दारात उभे. गुप्त काम इतक्या जाहीरपणे करणारी दुसरी बँक महाराष्ट्रात नसावी. "नेमप्लेट करतोय," भाचा म्हणाला. सेक्रेटरी म्हणाले, "मग आमचीही एक करून दे." पट्ट्या दोन झाल्या: एक बाबांच्या आणि भाच्याच्या नावावर असलेल्या बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरी साताऱ्याच्या घरी. नेमप्लेट तेवढी अजून बाकी आहे आणि सेक्रेटरी विचारत असतात.

आता कॅशियर. कॅशियर नोटा दोनदा मोजतो. इथे पत्ता दोनदा वाचायचा. नाणी पाठवायचा पत्ता म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांची लांबलचक ओळ. संगणकात शिरलेला व्हायरस, आपण कॉपी केलेला पत्ता चिकटवताना गुपचूप बदलून चोराचा घालू शकतो. म्हणून संगणकाचा पडदा काय म्हणतो याला किंमत नाही. यंत्राच्या त्या इवल्या पडद्यावर जे दिसेल ते खरं. आधी किरकोळ रक्कम पाठवायची, ती आली की यंत्र मुद्दाम पुसायचं, पट्टीवरच्या शब्दांनी पुन्हा जिवंत करायचं, आणि रक्कम दिसली तरच मोठी भरायची. भाच्याला यंत्र पुसायचा धीर होईना. बाबा म्हणाले, "आगीची रंगीत तालीम आग लागायच्या आधी करतात." त्यांनी समोर बसून पुसायला लावलं. पुन्हा उभं राहिलं. बाबांनी तारीख टाकून वहीत नोंद केली.

सगळ्यात मोलाचा धडा मात्र चोरांनी दिला. वझीरएक्सचं लुटलं गेलेलं पाकीट एका सहीवर उघडणारं नव्हतं. त्याला अनेकांच्या सह्या लागत आणि सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेटही होती. कंपनीने तेव्हा सांगितलं ते असं, की संगणकाच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही भलत्याच व्यवहारावर झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजवर याच वाटेने सुमारे दीडशे कोटी डॉलरचा दरोडा पडला. या क्षेत्रात याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात. आपल्याकडे यालाच सही म्हणतात. विमा एजंट पेन्सिलीने फुल्या मारून देतो, आपण फुलीफुलीवर सह्या करत जातो आणि शेवटी विचारतो, "कसला फॉर्म आहे हो?" कुलूप कितीही भारी असो, सही करणारा वाचत नसेल तर त्याचा उपयोग शोभेपुरता. बाबा म्हणाले, "मी प्रत्येक कागद वाचून सही करायचो, म्हणून मला स्टाफ खडूस म्हणायचा." इतक्या वर्षांनी त्यांना न्याय मिळाला, तोही उत्तर कोरियाकडून; वझीरएक्स आणि बायबिट, या दोन्ही चोऱ्यांसाठी बोट तिकडेच दाखवलं गेलंय.

आणि ऑडिटर? त्याच्यावरही नजर हवी. पुण्यात बिटकॉइन फसवणुकीच्या एका मोठ्या प्रकरणात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच, नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये अटक झाली. म्हणून शब्द तज्ज्ञालाही दाखवायचे नाहीत. तज्ज्ञाला तर नाहीच.

कुणालाच सांगायचं नाही हा नियम पाळणं मात्र मराठी घराच्या प्रकृतीला मानवत नाही. शब्द सांगायचे नाहीतच, पण आपल्याकडे असं काही आहे हेही बोलायचं नसतं. लेजरच्या ग्राहकांची यादी २०२० मध्ये फुटली. सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर चव्हाट्यावर आले. पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींच्या घरी नकली यंत्रं टपालाने पोचली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या एका सहसंस्थापकाचं फ्रान्समध्ये अपहरण झालं आणि खंडणीसाठी त्याचं बोट कापलं गेलं. गणिताने अभेद्य केलेली किल्ली मालकाच्या दुखण्याने उघडते. भाच्याने हे सांगून घरात सगळ्यांना शपथ घातली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याने त्याला विचारलं, "दादा, बिटकॉइनचा आज काय भाव?" आईने फक्त त्यालाच सांगितलं होतं, आणि तेही कुणाला सांगू नकोस म्हणून.

बाबांचा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. "नॉमिनी कोण?"

भाचा हसला. तरुण माणसं या प्रश्नाला हसतात. मग त्याने स्वतःच सांगितलं की क्वाड्रिगा या कॅनडाच्या एक्स्चेंजचा तिशीतला मालक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला आणि किल्ल्या त्याच्यासोबत गेल्या म्हणून हजारो ग्राहकांचे पैसे अडकले. नंतर तपासात कळलं की त्या तिजोऱ्या बहुतेक रिकाम्याच होत्या. गेलेल्यानेच आधी उडवलं होतं. वेल्समध्ये एका गृहस्थाची सुमारे आठ हजार बिटकॉइनांची हार्डडिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तो कचरा डेपो उकरू द्या म्हणून तो नगरपालिकेशी भांडला, कोर्टात गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये हरला. पुणेकराला यातलं कोर्टात जाणं समजतं, नगरपालिकेशी भांडणं तर फारच समजतं. हार्डडिस्क टाकून देणं समजत नाही. आमच्याकडे टीव्हीचा थर्मोकोलसुद्धा माळ्यावर असतो.

बाबांनी मग त्यांच्या बँकेचा नियम सांगितला: तिजोरीच्या किल्ल्या दोन, दोन माणसांकडे, एकट्याने कुणी उघडायची नाही. भाचा चकित झाला, कारण काही नव्या यंत्रांत शमिर नावाची अशीच सोय आहे. गुपिताचे तीन वाटे करायचे आणि कुठलेही दोन जुळले की उघडायचं. (चोवीस शब्दांची पट्टी कात्रीने कापून तीन तुकडे करणं म्हणजे शमिर नव्हे, त्यात चोराचं काम सोपं होतं आणि आपलं अवघड.) पंचविसावा शब्द स्वतःच्या मनाने जोडायचीही युक्ती आहे. पण तो चुकला तर यंत्र चूक दाखवत नाही, अदबीने एक वेगळं, रिकामं पाकीट उघडून देतं. हे ऐकल्यावर बाबांनी ती युक्ती नामंजूर केली. एवढा नम्र कर्मचारी त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि त्यांना तो संशयास्पद वाटला. शेवटी वारसासाठी एक चिठ्ठी लिहिली गेली: शब्द त्यात नाहीत, फक्त काय आहे, पट्ट्या कुठे आहेत आणि उघडायचं कसं. सोबत खरेदीच्या पावत्या, कारण १ एप्रिल २०२२ पासून बिटकॉइनवरच्या नफ्याला सरसकट ३० टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. नफ्यात सरकार सख्खं, तोट्यात चुलत.

एवढं सगळं झाल्यावर एका शुक्रवारी रात्री भाच्याला ईमेल आला. कंपनीचं बोधचिन्ह, सफाईदार भाषा: 'तुमच्या यंत्रात गंभीर त्रुटी आढळली आहे. चोवीस तासांत खालील दुव्यावर आपले चोवीस शब्द भरा, अन्यथा नाणी कायमची जातील.' यंत्राव्यतिरिक्त कुठेही शब्द भरायचे नाहीत, कुठलीही कंपनी ते मागत नाही, हे महिनाभर आम्हाला शिकवणाऱ्या त्या मुलाला दरदरून घाम फुटला. भीती वाटली की शिकलेलं सगळं आधी पळतं.

"आजोबा, लॉकर उघडायचाय. आत्ता."

"उद्या चौथा शनिवार," बाबा पेपर बाजूला न करता म्हणाले. "परवा रविवार. सोमवारी जयंतीची सुट्टी. मंगळवारी साडेदहाला जाऊ."

"मग साताऱ्याची चावी द्या!"

"रात्री अकरा वाजता साताऱ्याला कुणी जात नाही."

चोवीस तासांची मुदत शनिवारी रात्री संपली आणि काहीही झालं नाही. रविवारी भाचा माणसात आला, त्याने कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन पाहिलं. अशा खोट्या ईमेलपासून सावध राहा, असा इशारा तिथे ठळक लावलेला होता. बाबांनी तेवढ्यापुरता पेपर खाली घेतला. "बँक लवकर उघडत नाही म्हणून दोघेच बोंबलतात," ते म्हणाले, "गिऱ्हाईक आणि चोर. गिऱ्हाइकाचं आम्ही ऐकून घेतो."

जगात रात्रंदिवस, वर्षाचे बारा महिने उघडं असणारं हे चलन आता आमच्या घरी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतं.